घरची भाषा हेही पूर्वज्ञानच

शिक्षणातल्या विषमतेचा विषय निघाला की आपण फी मोजतो, इमारत बघतो, संगणक किती आहेत ते विचारतो. हे सगळं विचारायलाच हवं. पण एक विषमता पहिलीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मुलासोबत येऊन बसते आणि तिची नोंद कुठेच होत नाही. ज्याच्या घरची भाषा आणि पुस्तकातली भाषा एकच, त्याला फक्त धडा शिकायचा असतो. बाकीच्यांना आधी भाषा शिकायची, मग धडा. परीक्षा मात्र दोघांची एकाच दिवशी.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. महाराष्ट्रातल्या अनेक मुस्लिम घरांत दखनी बोलतात. तिथलं मूल उर्दू शाळेत येऊन ‘मेरे कू नक्को’ म्हणालं की त्याला ‘मुझे नहीं चाहिए’ असं दुरुस्त केलं जातं. मराठीच्या तासाला ‘माझी पुस्तक’ म्हणालं की हशा पिकतो. भूमितीत त्रिकोणाला ते ‘मुसल्लस’ म्हणून ओळखतं आणि दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली की मुसल्लसचा ‘ट्रँगल’ होतो. हुशार मूलही अकरावीत पहिले काही महिने गप्प बसतं. विषय येत नाही म्हणून नाही, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा ते कळत नाही म्हणून.

आता त्या ‘माझी पुस्तक’कडे जरा नीट बघा. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी आहे आणि उर्दूत नपुंसकलिंगच नाही. मूल किताबचं लिंग पुस्तकाला लावतं. त्याला नियम माहीत आहे, फक्त तो दुसऱ्या भाषेचा आहे. ‘शाळा’ची ‘शाला’ होते, कारण उर्दूत ‘ळ’ नाही. हे ठाऊक असलेला शिक्षक दहा मिनिटांत फरक समजावतो. ठाऊक नसलेला वर्षभर लाल पेनाने गोल करत राहतो आणि मुलाला वाटतं, मराठी आपली नव्हेच.

खरं तर दखनीतला तो ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरूनच आला आहे. जोर देण्यासाठी दखनीत लागणारा ‘च’सुद्धा मराठीचाच. उलट कागद, शाई, खुर्ची, हजेरी हे फारसी-अरबीतून आलेले शब्द काढून टाकले तर मराठी शाळेचा एक दिवसही चालणार नाही. या भाषा शतकानुशतकं शेजारी नांदल्या. वर्गात मात्र आपण त्यांची ओळखसुद्धा करून देत नाही.

बी.एड.ला सराव पाठ घेताना आम्हाला पाठ टाचणात ‘पूर्वज्ञान’ लिहावं लागे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा, हे सूत्र तोंडपाठ असे. कोनाचे प्रकार माहीत आहेत, बेरीज येते, असं तिथे लिहायचं. मूल घरी काय बोलतं, हे लिहायची पद्धत नव्हती. सहा वर्षांच्या मुलाजवळ त्याच्या भाषेपेक्षा मोठं पूर्वज्ञान दुसरं कोणतं असतं? प्रमाण भाषेच्या घरातल्या मुलाची भाषा ज्ञान म्हणून मोजली जाते, दखनीवाल्याची चूक म्हणून. विशेषाधिकार म्हणतात तो हाच. ज्याला तो मिळतो त्याला तो दिसतही नाही.

यात दोष फक्त मराठीवाल्यांचा नाही. आपल्या उर्दू शिक्षकांतही अहले-जबान असल्याचा तोरा कमी नाही. लखनवी लहजा म्हणजे तहजीब आणि भिवंडी-मालेगावच्या गल्लीतली बोली म्हणजे गंवारपणा, असं मानणारे आपल्यातच आहेत. मराठी शाळेतल्या हशाची तक्रार करायची आणि आपल्या वर्गात तोच हशा पिकू द्यायचा, हे जमणार नाही.

कायदा याबाबत गप्प नाही. संविधानाचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींविषयी बोलतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेचाच आग्रह धरतो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. तिला माझा पाठिंबा आहे. तलाठी कार्यालयातल्या अर्जापासून पोलीस भरतीपर्यंत या राज्यात मराठीवाचून अडतं आणि आपली मुलं तिथेच मागे राहतात. पण सक्तीने वेळापत्रकात तास मिळतो, भाषा मिळत नाही. ती शिक्षकाला द्यावी लागते.

हे सगळं टाळण्यासाठी पालक पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालतात. त्यांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. इंग्रजीतून नोकरी मिळते, हे ते डोळ्यांनी पाहतात. पण ज्या घरात इंग्रजी पेपरही येत नाही, तिथल्या मुलाचं अंतर त्याने कमी होत नाही, उलट वाढतं. आणि हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल याच बाकावर बसलेलं आहे.

म्हणून उद्या शिक्षक होणाऱ्यांना माझं सांगणं आहे. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात फळ्यावर रोजच्या वापरातल्या दहा वस्तू काढा. प्रत्येकीला घरी काय म्हणतात ते मुलांना विचारा आणि त्यांचा शब्द पुस्तकातल्या शब्दाशेजारी लिहा. खोडू नका. आठवी ते दहावीत गणित-विज्ञानाच्या संज्ञा उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वहीत लिहून घ्या. याला अनुदान लागत नाही, शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.

उर्दू गणितात समीकरणाला ‘मुसावात’ म्हणतात आणि समतेलाही ‘मुसावात’च. समीकरण सोडवताना दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्या लागतात, हे आपण मुलांना रोज शिकवतो. वर्गातही तेच करायचं आहे.