‘या वयात शोभतं का?’

काही प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारलेच जात नाहीत. ‘या वयात शोभतं का?’ हा त्यातला मेरुमणी. साठीतल्या बाईने लालभडक कुडता घातला, केस कापले, लिपस्टिक लावली, साडीखाली बूट घातले, मैत्रिणींबरोबर चार दिवस गोव्याला निघाली, की हा प्रश्न हजर. विचारणारे कोण? नवरा, मुलगा, सून, जाऊबाई, शेजारीण. आणि सगळ्यात खडूस परीक्षक म्हणजे आरशातली ती स्वतःच. ‘आता काय कुणाला दाखवायचंय?’

यात डॉक्टरने कशाला नाक खुपसावं? कारण या प्रश्नाची बिलं शेवटी दवाखान्यातच फाडली जातात. माझं म्हणणं साधं आहे. हौस करणं ही म्हातारपणातली चैन नाही, तो तब्येतीचा भाग आहे. आणि बाईची हौस मारणारं घर तिच्या तब्येतीशी खेळत असतं.

आधी हिशोब करू. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस. पंचाहत्तरी गाठणाऱ्या बाईला त्यापुढे जवळजवळ तीस वर्षं असतात. म्हणजे आयुष्याचा एक तृतीयांशाहून मोठा तुकडा. एवढ्या काळासाठी आपण तिला देतो काय? फिके रंग, नातवंडं आणि जपमाळ. तिला यातलं जे आवडतं ते तिने जरूर घ्यावं. पण हे तिघंच पर्याय आहेत असं ठरवलं कुणी?

आता पुरावा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांना, स्वतःच्या म्हातारपणाबद्दल तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं होतं. मग वीसेक वर्षं त्यांची नोंद ठेवली गेली. २००२ साली बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. वय, लिंग, सांपत्तिक स्थिती, आधीची तब्येत, एकटेपणा हे सगळं हिशोबात धरूनसुद्धा. याचा अर्थ लिपस्टिक लावली की साडेसात वर्षं बोनस, असा अजिबात नाही. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण ‘माझं आता संपलं’ असं मानणारा माणूस फिरायला जात नाही, गोळ्या वेळेवर घेत नाही, दुखणं अंगावर काढतो, हे आम्ही रोज बघतो. ‘शोभतं का’ हा प्रश्न बाईला नेमकं तेच शिकवतो: तुझं आता संपलं.

दुसरी गोष्ट. मनोविकारतज्ज्ञ पेशंट तपासताना अगदी सुरुवातीला एक नोंद करतात, ती म्हणजे पेहराव आणि नीटनेटकेपणा. ही नोंद उगाच केलेली नसते. आयुष्यभर गजरा माळणारी, इस्त्रीच्या साडीशिवाय बाहेर न पडणारी बाई अचानक गाऊनवर दिवस काढू लागली, तर घरचे म्हणतात, ‘आईला आता विरक्ती आली.’ विरक्ती कसली? ते नैराश्य असू शकतं. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं. विसरभोळेपणाच्या आजाराची सुरुवात असू शकते. हात जड झाल्याने वेणी घालणं, बटणं लावणं जमेनासं झालं असेल, तर तो पार्किन्सनही असू शकतो. आणि खांदा आखडला असेल तर हात मागे जातच नाही. पाठीवर हूक असलेला ब्लाउज घालता येत नाही, हे सांगायची लाज वाटते, म्हणून गाऊन. मधुमेही बायकांत असा खांदा फार दिसतो. व्यायामाने तो बराचसा सुटतो आणि तोवर पुढून हूक असलेला ब्लाउज शिवता येतो. पण बाईने हौस सोडली याचंच कौतुक होत असेल, तर तपासायला आणणार कोण?

तिसरी गोष्ट पायांची. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, विशेषतः पहिल्या काही वर्षांत. मग गुळगुळीत झालेली चप्पल, तिच्यात अडकलेला साडीचा काठ आणि ओली फरशी एवढं खुब्याचं हाड मोडायला पुरतं. यावर उपाय म्हणजे मागून पट्टा असलेली चप्पल किंवा सरळ बूट, घोट्याच्या वर राहणारं वस्त्र आणि रोजचं भरभर चालणं. साडीवर बूट विचित्र दिसतात? दिसू देत. मोडलेला खुबा त्याहून विचित्र दिसतो. संस्कृतीचीच काळजी असेल तर आठवून बघा, आपल्या पणज्या नऊवारीचा काचा मारून शेतात राबत, विहिरीवर पाणी शेंदत. गोल साडी आली तेव्हा तिलाही नावं ठेवली गेलीच होती. आजची ‘शालीन’ साडी ही कालची ‘फॅशन’च आहे.

नाडीचंही तेच. परकराची नाडी एकाच जागी वर्षानुवर्षं करकचून बांधली की कमरेला काळा वण पडतो, खाज सुटते, कातडी सोलवटते. बरी न होणारी अशी जखम अगदी क्वचित कॅन्सरचं रूप घेते. धोतराच्या काचण्यातून होणाऱ्या अशा कॅन्सरबद्दल मुंबईच्या डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच लिहून ठेवलं आहे. नाडीऐवजी रुंद पट्टा लावा, कधी सलवार घाला, कधी पँट. यात बंडखोरी काही नाही, कातडीला विश्रांती आहे.

आणि एक चोरटं दुखणं. खोकलं, हसलं की लघवी निसटते. म्हणून बाई पाणी कमी पिते, लग्नाला जात नाही, सहलीला ‘मला नाही बाई हौस’ म्हणते. घरचे समजतात, वय झालं. खरं तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकून तीनेक महिने नेमाने केला तर पुष्कळजणींना आराम पडतो. नाही पडला तर पुढचे उपचार आहेत. कानाच्या यंत्राचीही हीच कथा. ‘म्हातारी दिसेन’ म्हणून ते डबीत राहतं, मग गप्पा तुटतात, माणसं तुटतात. कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं, हे दोन्ही स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे धोके म्हणून ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने मोजलेले आहेत. यंत्र रंगीत घ्या, झुमक्याला मॅचिंग घ्या, पण घाला.

आता विरोधकांकडे वळू. ‘ही सगळी बाजाराची कारस्थानं आहेत,’ असं म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. ‘साठीत विशीतलं दिसा’ म्हणणारा बाजार आणि ‘साठीत फिकं दिसा’ म्हणणारा समाज, दोघेही बाईला तिचं खरं वय जगू देत नाहीत. गोरं करणाऱ्या बिनलेबलच्या क्रीममध्ये पारा निघाला आहे आणि त्याने मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी केरळात झाल्या आहेत. काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, कातडी पातळ होते. केस रंगवा, पण आधी कानामागे थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबा, काळ्या रंगातल्या पीपीडीची ॲलर्जी वाईट असते. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग येत असेल तर टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि केस पांढरे ठेवायचे असतील तर खुशाल ठेवा. नटावंच, अशी सक्ती मी करत नाही. ठरवणारी ती असावी, एवढंच.

‘हे पैसेवाल्यांचे चोचले,’ असंही म्हणतात. मंडईत पहाटे टोपली घेऊन बसणाऱ्या, अंबाड्यावर ताजा गजरा माळणाऱ्या आजीबाई बघा आणि मग बोला.

सगळ्यात कठोर सक्ती मात्र विधवांवर. नवरा गेला की कुंकू, बांगड्या, गजरा सगळं गेलं. दुःखाच्या दिवसात तिच्याकडून रंगही काढून घ्यायचे, वर हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. एकटेपणा तयार करण्याची याहून पक्की कृती मला माहीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला जे जमलं ते तुमच्या सोसायटीला का जमू नये?

‘झिम्मा’ बघायला आपण २०२१ साली थिएटरं भरली. पडद्यावरच्या बायका हसल्या, फिरल्या, आपण टाळ्या वाजवल्या. घरातली बाई बॅग भरते तेव्हा मात्र ‘माझ्या जेवणाचं काय?’ त्या जेवणाचं उत्तर सोपं आहे. कुकरला तीन शिट्ट्या द्यायच्या.

आणि बायांनो, तुम्हालाही एक प्रिस्क्रिप्शन. कपाटात ‘कुठे नेसायची आता’ म्हणून घडी मोडायची राहिलेली साडी असेल, ती या आठवड्यात नेसा. निमित्त शोधू नका, भाजी आणायला नेसून जा. वाटेत कुणी विचारलंच, ‘या वयात शोभतं का?’, तर सांगा, डॉक्टरांनी दिली आहे. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, आयुष्यभर.