मुखपृष्ठावर आणून सोडणारे दुवे

जगातील पहिल्या वेबपृष्ठाचा पत्ता अनेक वर्षे विचित्र अवस्थेत होता. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची निर्मिती केली. त्या प्रकल्पाची माहिती देणारे पान ज्या पत्त्यावर होते, तेथे पुढे कोणी गेले की सर्व्हर त्याला निमूटपणे संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर आणून सोडत असे. दुवा तुटल्याची सूचना नसे आणि मागितलेले पानही नसे. अखेर २०१३ मध्ये सर्ननेच त्या पानाची १९९२ मधील प्रत मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली.

हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे, असे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मानू नये.

रीडायरेक्टची यंत्रणा साधी आहे. ब्राउझर पान मागतो. सर्व्हरवरील दोन-चार ओळींचा कोड पानाऐवजी तीन अंकी संकेतांक आणि नवा पत्ता धाडतो, आणि ब्राउझर तिकडे वळतो. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर आणि ३०२ म्हणजे तात्पुरते, असा स्पष्ट भेद आहे. मराठी विश्वकोश चाळताना ‘पहा’ हा शब्द आपल्याला एका नोंदीकडून दुसरीकडे नेतो; ३०१ हे तेच काम करते. तो ‘पहा’ नेमक्या नोंदीकडे नेतो, म्हणूनच त्याला अर्थ आहे. प्रत्येक ‘पहा’ने खंडाच्या मुखपृष्ठाकडे बोट दाखवले असते, तर विश्वकोश कोणी हाती धरला असता?

संकेतस्थळाची नवी आवृत्ती आली की नेमके हेच घडते. हजारो जुने पत्ते एका ओळीच्या नियमाने मुखपृष्ठाकडे वळवले जातात. माझ्या मते हे ४०४ पेक्षा वाईट आहे. ४०४ निदान पान सापडत नाही हे कबूल करते. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये तर ४१० हा आणखी प्रामाणिक संकेतांक आहे: पान होते, आता काढून टाकले आहे. मुखपृष्ठावरचा रीडायरेक्ट मात्र हरवल्याची खूणही पुसतो. तळटिपा तपासणाऱ्या यंत्राला दुवा जिवंत दिसतो. पुरावा तेथे नसतो.

नोंदीतील निष्काळजीपणाही पाहण्याजोगा आहे. पीएचपी या भाषेत ‘लोकेशन’ हे शीर्ष पाठवताना संकेतांक दिला नाही, तर आपोआप ३०२ जातो. म्हणजे कायमचे घर सोडलेल्या कित्येक पानांची सरकारदरबारी नोंद अजून ‘तात्पुरते बाहेरगावी’ अशीच!

हे सारे क्षुल्लक वाटत असेल, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाहावे. हार्वर्डमधील जोनाथन झिट्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांना त्या न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे ५० टक्के दुवे मूळ संदर्भापर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. निकाल उरला, आधार गेला. आपल्या प्रबंधांची अवस्था याहून बरी असेल, असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

म्हणून संस्थांकडे मागणी एवढीच असावी: स्थलांतर करताना प्रत्येक जुन्या पानासाठी त्याच पानाचा नवा पत्ता द्यावा, आणि पान उरले नसेल तर ४१० द्यावा. यादी करणे कंटाळवाणे आहे, हे खरे. दप्तरखान्याची सूची करणेही कंटाळवाणेच असते. जुन्या डोमेनची नोंदणीही चालू ठेवावी लागते. ती संपली की रीडायरेक्टही संपतो, आणि तो पत्ता उद्या कोणीही विकत घेऊ शकतो.

तोवर आपण दुवा देताना पान पाहिल्याचा दिनांक लिहावा आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत साठवावी. तेथे जुने पत्ते धुंडाळताना कधी पानाऐवजी ‘३०२’ असा शेरा दिसतो. तो पाहून खिडकी बंद करू नका. त्या दिवशी हा पत्ता कोठे वळत होता, याचा तो दिनांकित पुरावा असतो. तोही टिपून ठेवा.