शेतातला निरोप कोणी पुढे न्यावा?



या आठवड्यात एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्याकडे दीड एकर बटाटा आहे. गावात येऊन गेलेल्या विक्रेत्याने सांगितले की शेतात बारा पेट्या लावा, जमिनीची ओल आणि हवेतला दमटपणा घरबसल्या मोबाईलवर कळेल. पेट्या एकमेकींमार्फत बिनतारी निरोप पाठवतात. घरधनी त्यासाठी कर्ज काढायला निघाले आहेत. "भाऊसाहेब, पैसे घालावेत का?" असे त्या विचारतात.

आधी ही निरोपाची रीत समजून घेऊ. पेटी सेलवर चालते. लांबवर हाक मारली की सेल लवकर उतरतो. अंतर दुप्पट झाले तर मोकळ्या रानातसुद्धा चौपट जोर लागतो, उभ्या पिकात त्याहून जास्त. म्हणून पेटी जवळच्या पेटीला सांगते, ती पुढचीला, आणि खबर बांधावरच्या मुख्य पेटीपर्यंत पोचते.

यात एक पद्धत ठरलेल्या वाटेची. पहिलीने दुसरीलाच सांगायचे, दुसरीने तिसरीलाच. मधल्या एकीचा सेल उतरला किंवा पाला दाटला की निरोप खुंटला. आता रात्री चारीला पाणी सुटले तर आपण काय करतो ते आठवा. हाळी देतो, "पाणी आलं, वरच्या मळ्यात कळवा!" ज्याच्या कानी पडेल आणि जो वरच्या मळ्याच्या जवळ असेल, तो पुढे हाळी देतो. अमुकच गड्याने ऐकले पाहिजे असा हट्ट नसतो.

मिकेले झोर्झी आणि रमेश राव या संशोधकांनी २००३ साली पेट्यांसाठी अशीच रीत मांडली. हाक मारणारी पेटी आपली जागा व मुख्य पेटीची जागा सांगते. ज्या पेट्या त्या वेळी जाग्या असतील आणि ज्यांना हाक ऐकू येईल, त्या आपापले अंतर ताडतात. मुख्य पेटीच्या सर्वांत जवळची असेल तिने आधी 'ओ' द्यायची. ती ऐकून बाकीच्यांनी गप्प राहायचे. ती झोपली असेल तर तिच्या मागची पुढे होते. त्यामुळे पेट्या आळीपाळीने झोपू शकतात आणि सेल टिकतो.

पण जागा चुकीची नोंदली तर सगळेच फसते. आमच्या एका प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर कोळपणीआधी पेट्या उपटून बांधावर ठेवल्या आणि नंतर दिसेल त्या सरीत रोवल्या. नोंद जुनीच राहिली. दोन दिवस निम्मी खबर आली नाही आणि आम्ही शहाणे सेल बदलत बसलो! मध्ये विहीर, गोठा किंवा आमराई असली तरी अडते, कारण तिथून पुढे जवळची पेटीच नसते. मग निरोपाला भोवतीने वळसा घालावा लागतो. तो कसा घालावा याचा नियम ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी २००० साली दिला होता. विक्रेत्याच्या यंत्रात तो आहे का, हे विचारायला हरकत नाही.

या भगिनींनी खास लक्षात घ्यावे असे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. २००५ साली तिथे बटाट्याच्याच शेतात, उशिरा येणाऱ्या करप्याची पूर्वसूचना मिळावी म्हणून सुमारे शंभर पेट्या लावल्या. तिथे हाळीची नव्हे, नेमून दिलेल्या शेजारणीची रीत होती. एकाच पेटीतल्या दोन कामांच्या शेजारणींच्या याद्या जुळेनात, सेल भराभर उतरले आणि अपेक्षित नोंदींपैकी अवघ्या दोन टक्क्यांच्या आसपास हाती आल्या. डेल्फ्टच्या कून लांगेनडून व सहकाऱ्यांनी २००६ साली हे सारे न लपवता छापले. अशी माणसे मला यशाचे ढोल वाजवणाऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात.

आता पत्राचे उत्तर. दीड एकराला बारा पेट्यांची साखळी मला जास्त वाटते. लांब पल्ल्याच्या रेडिओची किंवा मोबाईलचे सिम घातलेली एखाददुसरी पेटी थेट खबर देऊ शकते. तिला शेजारीण लागत नाही. पाच-दहा शेजाऱ्यांनी मिळून मोठा पट्टा घेतला, किंवा जमीन चढउताराची असली, तर साखळीचा विचार करावा. तेव्हाही पैसे देण्याआधी पीक गुडघ्याच्या वर गेलेल्या शेतात चालवून दाखवायला सांगा. मोकळ्या रानातला प्रयोग धरू नका. एक मधली पेटी बंद करायला लावा आणि खबर येते का पाहा.

यंदा मात्र कर्ज काढू नये. ढगाळ, दमट हवा असेल तेव्हा सकाळी दव असतानाच शेतात फिरावे आणि खालची पाने उलटून पाहावीत. तपकिरी-काळ्या डागाच्या कडेने पांढुरकी बुरशी दिसली तर त्याच दिवशी कृषी सहाय्यकांना पान दाखवावे. पुढच्या पत्रासोबत शेताचा कच्चा नकाशा पाठवा. विहीर आणि झाडे कुठे आहेत ते त्यात दाखवा.