कंपनी गेली, नंबर राहिला

ब्रिटनमध्ये मोटारीला दरवर्षी तपासणीला न्यावं लागतं, पण साडेतीन हजार किलोपर्यंतच्या ट्रेलरला अशी तपासणी नाही. त्यामुळे होडी वाहून नेणारे १९७०-८० च्या दशकांतले ट्रेलर तिथे आजही घरांमागे आणि क्लबांच्या आवारात ताडपत्रीखाली उभे असतात. वसंतात होड्या पाण्यात उतरवायचे दिवस आले, की ते बाहेर निघतात. ट्रेलर रस्त्यावर काढण्याजोगा आहे की नाही हे मालकानेच ठरवायचं, आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर जाबही त्यानेच द्यायचा. बनवणारी कंपनी बऱ्याचदा कधीच बंद पडलेली असते.

असा ट्रेलर सरळ भंगारात घाला, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो घाईचा आहे. सांगाडा धड असेल तर बहुतेक सुटे भाग आजही मिळतात, कारण त्या जुन्या कारखानदारांनी ते स्वतः बनवलेच नव्हते. बाजारात मिळणारे प्रमाणित भाग आणून बसवले होते.

या ट्रेलरचा खरा शत्रू खारं पाणी. लांबून ओढत आणल्यावर चाकाचा हब तापलेला असतो. तो तसाच थंड समुद्रात बुडवला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं. मग ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहतो, बेअरिंगच्या रोलरना गंज चढतो आणि पुढच्या हंगामात भर रस्त्यात चाक जाम होतं.

हबची टोपी काढून, खीळ आणि नट सोडवून बेअरिंग हातात घ्यावं, रॉकेलने धुवावं आणि कडेवरचा कोरलेला नंबर वाचावा. निमुळत्या रोलर बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घेतलं. आज त्याच नंबरांची बेअरिंग अनेक कंपन्या बनवतात. मात्र नंबर दोन असतात, आतल्या कोनचा वेगळा आणि बाहेरच्या कपचा वेगळा. एल ४४६१० हा कप एल ४४६४३ या कोनलाही चालतो आणि एल ४४६४९ लाही. पण पहिल्याचं भोक २५.४ मिलिमीटरचं आणि दुसऱ्याचं जवळजवळ २७. नुसता कपचा नंबर सांगून मागवलेलं बेअरिंग एक्सलवर चढणारच नाही किंवा ढिलं बसेल. सीलवरचा नंबर बहुधा पुसलेला असतो. तिथे व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली की काम भागतं.

चाकांचंही तसंच. १९५९ मध्ये आलेल्या मिनी मोटारीला दहा इंची चाकं होती, त्यांचे चार बोल्ट चार इंच व्यासाच्या, म्हणजे १०१.६ मिलिमीटरच्या वर्तुळावर. ब्रिटनमधल्या कित्येक छोट्या ट्रेलरांना हेच माप आहे. शंभर मिलिमीटरवाली चाकं वरवर पाहता बसतात, नटही आवळले जातात, पण ते नीट टेकत नाहीत आणि धावता धावता सैल होतात. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तरी ती घेऊ नयेत. टायरची नक्षी नवी दिसली म्हणूनही भुलू नये. होडीचा ट्रेलर धावतो कमी, त्याचं रबर वयाने मरतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

गाडी अडते ती ब्रेकशी. दोन जर्मन कंपन्यांचे ब्रेक २०० बाय ५० मिलिमीटर या एकाच मापाचे, पण एकाचे शू दुसऱ्याला बसत नाहीत. ब्रेकच्या मागच्या पत्र्यावरचा नंबर गंजाने खाल्ला असेल आणि कंपनीही उरली नसेल, तर अख्खा एक्सल बदलावा लागतो. तो खर्च मुकाट्याने करावा. ब्रेकमध्ये जुगाड करून होडी ओढणारा माणूस मागून येणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो. पण हा भुर्दंड मालकावर का पडावा, हेही विचारलं पाहिजे.

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने प्राधान्याने घेतली. सुटे भाग मिळाले पाहिजेत, माहितीपुस्तिका खुल्या झाल्या पाहिजेत, यावर भर आहे. तो योग्यच, पण अपुरा. सुटे भाग पुरवणारी कंपनीच उद्या नसेल, तर त्या हक्काचं काय करायचं? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीला ६२०५ एवढं सांगितलं की पंचवीसचा शाफ्ट हे त्याला कळतं. बेअरिंग कोणत्याही कंपनीचं असो. ही सोय ब्रेक शूला, सीलला, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या हबला का नसावी? जिथे प्रमाणित माप उपलब्ध आहे तिथे ते वापरण्याची सक्ती हवी. जिथे कारखानदाराला स्वतःचंच माप हवं असेल, तिथे त्याने त्याचं रेखाचित्र विक्रीच्या दिवशीच जाहीर करावं आणि नंबर धातूत खोल कोरावा, चिकटपट्टीवर छापू नये.