समुद्राच्या तळघरातली शिल्लक

जपानमधल्या मराठी घरांत मासळीवर बोलणे निघाले, की गाडी हल्ली एकाच स्टेशनावर येऊन थांबते. सानमा पूर्वीसारखा स्वस्त राहिला नाही, इका कमी झाला, जो मिळतो तो बोटभर. मग कोणीतरी ठामपणे म्हणतेच, "अहो, वर नसतील तर खाली असतील! समुद्र काय लहान आहे?" या 'खाली'चा हिशेब यावेळी आम्ही मांडायचे ठरवले आहे.

खाली मासे आहेत, हे अगदी खरे. दोनशे ते हजार मीटर खोलीवर, जिथे उजेड विझत जातो, तिथे बोटाएवढ्या माशांची अफाट वस्ती आहे. त्यांतला मुख्य मासा म्हणजे जपानी लोकांचा 'हादाका-इवाशी', शब्दशः उघडी तारली. जाळ्यात घासून खवले निघून जातात, म्हणून हे नाव. अंगावर मात्र दिव्यांच्या ओळी! दिवसा हे खाली राहतात आणि रात्री खायला वर येतात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारला समुद्राचा एक खोटाच तळ दिसे आणि तो संध्याकाळी वर सरके. हा 'तळ' म्हणजे बहुतांशी हेच जीव, हे पुढे कळले.

किती आहेत? १९८० साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने एक अहवाल काढला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक, कावागुची, जपानी. त्यांचा अंदाज होता सुमारे शंभर कोटी टन. २०१४ साली नव्या मोजणीवरून शास्त्रज्ञ म्हणाले, याच्या दसपटही असतील. सगळ्या जगातले कोळी मिळून समुद्रातून वर्षाला साधारण आठ कोटी टन मासळी काढतात. म्हणजे तळघरात सोन्याचा हंडाच की!

पण वाचकहो, हंडा उघडायला खर्च येतो. कोची प्रांतात हा मासा 'याकेदो' म्हणून वाळवून, भाजून आवडीने खातात. बाकी ठिकाणी त्याचा उपयोग मासळीची भुकटी आणि तेल करण्यापुरता. भुकटीला भाव थोडा आणि डिझेलला फार. सोव्हिएत जहाजांनी दक्षिण महासागरात काही वर्षे हा उद्योग केला, पण १९९२ नंतर तो बंद पडला. शिवाय खोल पाण्यातल्या काही माशांच्या अंगात चरबीऐवजी मेण असते. ते आपल्या पोटाला पचत नाही आणि त्याचा निकाल फार घाईने लागतो, एवढेच सांगतो! बारामुत्सू आणि आबुरा-सोकोमुत्सू हे त्यांतलेच. चवीला उत्तम, तरी जपान सरकारने त्यांची विक्री १९७० आणि १९८१ साली बंद केली.

त्याहून मोठी गोष्ट आहे बँकेतली. शिल्लक वेगळी आणि व्याज वेगळे, हे आपल्या मध्यमवर्गीयांना सांगायला नको. खोल थंड पाण्यातले पुष्कळ मासे सावकाश वाढतात. न्यूझीलंडचा ऑरेंज रफी शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि पिल्ले घालण्याजोगा व्हायलाच दोन-तीन दशके घेतो. १९७० च्या दशकाअखेर त्याची मासेमारी जोरात सुरू झाली आणि पुढच्या वीस वर्षांत अनेक ठिकाणचे साठे खंगले.

जपानच्या स्वतःच्या वहीतही असे एक पान आहे. हवाईच्या वायव्येला एम्परर नावाच्या बुडालेल्या डोंगरांची रांग आहे. तिथे १९६७ साली सोव्हिएत ट्रॉलरना कुसाकारी-त्सुबोदाई हा मासा सापडला आणि १९६९ मध्ये जपानी जहाजेही पोचली. दहा वर्षांच्या आत खेळ आटोपला. उत्तर प्रशांत महासागराच्या मासेमारीवर देखरेख करणारा आंतरराष्ट्रीय आयोग २०१५ मध्ये उभा राहिला, त्याचे कार्यालय टोकियोतच आहे. पण तोवर घोडा तबेल्यातून केव्हाच पळाला होता. अर्धे शतक उलटले, तो मासा पूर्वीसारखा परतलेला नाही.

मग खोल समुद्राकडे पाठच फिरवायची का? तसेही नाही. त्यासाठी सुरुगा उपसागराकडे पाहावे. फुजीच्या पायथ्याशी असलेला हा उपसागर सुमारे अडीच हजार मीटर खोल, जपानमधला सर्वांत खोल. शिझुओका प्रांतातल्या युई बंदराची साकुरा-एबी इथलीच. ही गुलाबी कोळंबी दिवसा दोन-तीनशे मीटर खाली असते. १८९४ साली युईच्या दोन कोळ्यांच्या जाळ्याला तरती पिंपे नव्हती, म्हणून जाळे खोल गेले आणि वर आले ते गुलाबी होऊन. गंमत म्हणजे ही आपल्या जवळ्याची सख्खी नातेवाईक, दोघींचे कूळ एकच. कांदा घालून तिचे काकिआगे तळतात, ते आपल्या खेकडाभज्यांच्या पंगतीत सहज खपून जाईल. फुजीकावा नदीच्या पात्रात ती वाळत घातलेली पाहिली, की कोकणातले खळे आठवल्याशिवाय राहत नाही.

इथे शिकण्यासारखे काय, तर वाटणी. १९७७ पासून इथल्या सगळ्या होड्यांची कमाई एकत्र करून वाटली जाते. ज्याने जास्त ओढले त्याला जास्त, हा हिशेबच नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या आधी जाळे टाकायची धावपळ नाही आणि आज किती काढायचे हे सगळे मिळून ठरवतात. मासेमारी फक्त वसंतात आणि शरदात. उन्हाळ्यात कोळंबी अंडी घालते, तेव्हा जाळी घरात. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवून नारळी पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एवढे करूनही २०१८ साली कोळंबी इतकी आटली, की त्या शरदात मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. कोणी नदीच्या गढूळ पाण्याला दोष दिला, कोणी प्रवाहांना, कोणी जास्त उपशाला. पण सगळ्यांनी मिळून एक हंगाम उपाशी काढायचे ठरवले, हे महत्त्वाचे. ज्यांची घरे त्यावर चालतात त्यांना हा निर्णय काय किमतीला पडला असेल!

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. उघड्या तारलीच्या जातभाईंचे मोठे थवे अरबी समुद्रात, विशेषतः ओमानच्या आखाताकडे आहेत. भारत सरकारच्या १९९१ च्या धोरणात परदेशी भागीदारीच्या जहाजांना खोल समुद्राचे परवाने मिळू लागले, तेव्हा देशभरचे कोळी रस्त्यावर उतरले. खोलचे नाव सांगून ही जहाजे आमच्याच पाण्यात येतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९९६ मध्ये मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

शिवाय ही उघडी तारली रिकामी बसलेली नाही. ट्यूना, सामन, डॉल्फिन, सगळ्यांचे जेवण ती आहे. रात्री वर खाऊन दिवसा खाली जाताना ती हवेतल्या कार्बनचा एक वाटा खोल पोचवते, हमालीसुद्धा न घेता. अमेरिकेने २०१६ साली आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तिची नवी मासेमारी सुरू करायला आधीच मज्जाव केला, तो यासाठीच. आधी अभ्यास, मग जाळे.

आमचे मत विचाराल तर खोल समुद्रातून थोडे, चवीचे, मोजून घ्यावे. शिमोदाचा किनमेदाई, युईची साकुरा-एबी, सणासुदीला जरूर. पण वरचा समुद्र रिकामा केला म्हणून आता तळघर उपसू, हा हिशेब आजोबांची ठेव मोडून रोजचा भाजीपाला आणण्यासारखा आहे. पुढच्या वेळी साकुरा-एबीचे पाकीट हातात घ्याल तेव्हा ती सुरुगाची की तैवानची, हे तेवढे वाचा. सुरुगाची थोडी महाग पडेल. त्या जादा येनमध्ये एका बंदराने पाळलेल्या उपासाची किंमतही आहे.