इंजिन खोलावं लागेल!

आपल्या पोटात दुखलं, तर डॉक्टर आधी विचारतो, "काल काय खाल्लंत?" मोटारसायकलच्या नशिबी असा डॉक्टर नाही. तिचा गिअर जरा अडकला, की एकच निदान : "इंजिन खोलावं लागेल!"

माझ्या गाडीला सिग्नलवर न्यूट्रल सापडेना. मागे हॉर्न, पुढे हवालदार आणि मधे मी, पायपेटी वाजवल्यासारखा डाव्या पायाने गिअर चाळवतोय! मिस्त्रीने गाडीला हातही न लावता सांगितलं, "साहेब, गिअरबॉक्स गेला. चार हजार धरून चला." चार हजार होते हो माझ्याकडे, पण ते मुलीच्या क्लासच्या फीचे.

आता मी पडलो बी. कॉम. आमचे सर सांगत, तेरीज जुळली नाही तर फरकाला आधी ९ ने भागून बघा. भाग गेला, तर बहुधा आकडे उलटे पडलेत. ५४ चे ४५ झालेत. लगेच सगळ्या खतावण्या उपसू नका!

माझं भांडण आहे ते या उपसण्याशी. अहो, इंजिन बंद करून गाडी थोडी मागेपुढे हलवा आणि गिअर टाकून बघा. बंद असताना गिअर निमूट पडतात आणि चालू असताना अडून बसतात? मग पहिला संशयित क्लच. तो पुरता सुटत नाही. क्लचच्या लिव्हरला टोकाशी बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल लागते. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. (ते पुस्तक कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.) चाल जास्त झाली तर क्लच सुटत नाही. अजिबात नसली तर प्लेटा घसरतात. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलायला कुरकुरते. शिवाय क्लच वायर विरलीय का, पायाचा लिव्हर सैल झालाय का, ऑइल शेवटचं कधी बदललं, हे बघायला काय पैसे पडतात?

माझा लिव्हर दोन बोटं नुसताच डुलत होता. नट सैल केला, अ‍ॅडजस्टर थोडा बाहेर घेतला, नट आवळला. न्यूट्रल हजर! खर्च : हात धुवायचा साबण.

पडलेला गिअर चालता चालता आपोआप निसटत असेल, तर आतले दाते किंवा फोर्क झिजलेले असू शकतात. तेव्हा खोला की खुशाल! पण आधी बाहेरचं सगळं बघून.

आणि खरं सांगू? मिस्त्री एकटा दोषी नाही. नट आवळून देणाऱ्याला वीस रुपये देताना आपण कुरकुरतो, आणि इंजिन खोलणाऱ्याला चार हजार देऊन वर चहा पाजतो. अचूक निदानाची किंमत आपण शून्य धरल्यावर तो बिचारा खोलणार नाही तर काय करणार?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी बघून विचारलं, "कुणी खोललं इंजिन?"

"कुणीच नाही. ९ ने भाग गेला."

तेव्हापासून तो नऊ नंबरचा पाना शोधतोय.