पाटी आपली, किल्ली कोणाची?

ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने जुलै २०११ मध्ये टचपॅड नावाचा टॅबलेट बाजारात आणला आणि अवघ्या ४९ दिवसांनी, १८ ऑगस्टला, तो बंद करीत असल्याचे जाहीर केले. ४९९ डॉलरचे यंत्र ९९ डॉलरला विकले जाऊ लागले. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती त्यांच्या हाती एक उत्तम पण अनाथ वस्तू उरली. त्या यंत्रातली वेबओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राला चालविणारी मूळ कार्यप्रणाली, यापुढे कोण सांभाळणार, हा प्रश्नच होता. परंतु दोन-तीन महिन्यांच्या आत सायनोजेनमॉड या नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी त्याच टचपॅडवर अँड्रॉइड ही दुसरी प्रणाली चालवून दाखविली. निर्मात्याने जिच्यावर पाणी सोडले ती वस्तू पुढे कित्येकांच्या उपयोगी पडत राहिली.

ही जुनी हकीकत आज आठवण्यास कारण आहे. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा घरात आली, तेव्हा अनेक शिक्षकांनी आणि कारकुनांनी हप्त्यांवर, प्रसंगी उसनवारी करून, मुलांसाठी टॅबलेट घेतले. त्यांपैकी कितीतरी यंत्रांचा पडदा आजही स्वच्छ आहे, बॅटरीही बरी चालते. पण उत्पादकाकडून येणाऱ्या प्रणालीच्या सुधारणा थांबल्या आहेत. सुधारणा थांबल्या की सुरक्षिततेतील छिद्रे बुजत नाहीत आणि हळूहळू नवी अ‍ॅपे त्या यंत्रावर चालण्यास नकार देतात. यंत्र मोडत नाही. ते मोडीत काढले जाते. अशा वेळी मालकाने त्यावर दुसरी प्रणाली बसवावयाची म्हटली, तर त्याला तसे करता येते काय?

याचे उत्तर बूटलोडर नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमवर अवलंबून असते. यंत्र सुरू होताच तो प्रथम जागा होतो आणि कोणती प्रणाली आत घ्यावयाची हे ठरवितो. त्याला कुलूप असेल, तर उत्पादकाची मोहोर असलेली प्रणालीच आत येऊ शकते. हे कुलूप उघडण्याची सोय गूगलने आपल्या नेक्सस ७ या टॅबलेटमध्ये मालकाला दिली होती. २०१३ च्या नेक्सस ७ साठी गूगलच्या सुधारणा अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपाशी थांबल्या. परंतु सायनोजेनमॉडचा वारसा चालविणाऱ्या लिनिएजओएसने त्याच यंत्राला पुढच्या आवृत्त्या दिल्या. उबुंटू टच ही लिनक्सवर आधारलेली प्रणालीही त्यावर बसविता आली. ॲपलच्या आयपॅडवर मात्र अशी दुसरी प्रणाली बसविण्याची परवानगी नाही. दोन्ही यंत्रांच्या पावतीवर ग्राहकाचे नाव सारखेच असते. मालकीचा अर्थ मात्र सारखा राहत नाही.

कायद्यानेही या प्रश्नावर बराच गोंधळ घातला आहे. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने अशी कुलुपे फोडण्यास मनाई केली. त्या कायद्याखाली ठरावीक काळाने अपवाद मंजूर होतात. २०१० मध्ये स्मार्टफोनला अपवाद मिळाला. २०१२ मध्ये तोच टॅबलेटला मागितला असता, टॅबलेट म्हणजे नेमके काय याची व्याख्या संदिग्ध आहे, या कारणास्तव तो नाकारला गेला. एकच प्रणाली चालविणारी दोन यंत्रे, पण लहान पडद्यावर जे कायदेशीर ते मोठ्या पडद्यावर संशयास्पद, अशी विचित्र अवस्था २०१५ मध्ये टॅबलेटलाही अपवाद मिळेपर्यंत राहिली. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये समाविष्ट झालेले कलम ६५-अ अधिक समंजस आहे. संरक्षक उपाय चुकविणाऱ्याचा हेतू कॉपीराइट हक्काचा भंग करण्याचा असेल तरच ते शिक्षा सांगते. स्वतःच्या यंत्रावर लिनक्स बसविणाऱ्या विद्यार्थ्याचा असा हेतू नसतो. मात्र कायद्याने गुन्हा न ठरणे वेगळे आणि हातात किल्ली असणे वेगळे.

उत्पादकांचे आक्षेप सर्वस्वी खोटे नाहीत. ते म्हणतात, कुलूप उघडले की चोराचे आणि घातकी प्रोग्रॅमांचे फावते. परंतु नेक्ससचे कुलूप उघडताना यंत्रातील सर्व खाजगी माहिती आधी पुसली जात असे; चोराच्या हाती यंत्र लागले तरी आतली पत्रे आणि छायाचित्रे लागत नसत. म्हणजे सुरक्षितता आणि मालकाची किल्ली एकत्र नांदू शकतात. दुसरा आक्षेप असा की अननुभवी माणूस यंत्र बिघडवून बसेल. हेही घडते. चुकीची फाइल घातली किंवा मध्येच बॅटरी संपली, तर यंत्र विटेसारखे निर्जीव होऊ शकते. घटक उत्पादकांनी आपली माहिती खुली न केल्यामुळे नव्या प्रणालीत कधी कॅमेरा चालत नाही, तर काही बँकांची अ‍ॅपे अशा यंत्रावर उघडत नाहीत. तेव्हा प्रत्येकाने हा उद्योग करावा असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. पण हक्काचे मोल तो वापरणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नसते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज गावातला एखादाच करतो, लाभ साऱ्या गावाला होतो. येथेही कोपऱ्यावरचा एक जाणता दुरुस्तीवाला किंवा महाविद्यालयातील एखादी हुशार विद्यार्थिनी शेजारपाजारची यंत्रे पुन्हा कामाला लावू शकते. शाळेने वा कार्यालयाने दिलेल्या यंत्राची गोष्ट निराळी. तेथे मालक ती संस्था असते आणि किल्लीही तिच्याचकडे असावी.

आपल्या देशाला तर हा धडा घरचाच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश हा स्वस्त टॅबलेट मोठ्या गाजावाजाने पुढे आणला. योजना अपेक्षेप्रमाणे चालली नाही. परंतु दुसऱ्या आकाशवर मेमरी कार्डावरून लिनक्स चालविण्याची सोय मुंबईच्या आयआयटीतील मंडळींनी केली, हा त्या प्रकरणातला मोलाचा भाग होय. स्वस्त यंत्रही खुले असेल, तर विद्यार्थी त्याचा नुसता वापर करीत नाही, ते कसे चालते हेही शिकतो.

शासनाने काही पावले टाकली आहेत. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोबाइल व टॅबलेट घेतले. युरोपीय संघाने जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेट यांच्या सुट्या भागांविषयी व प्रणालीच्या सुधारणांविषयी उत्पादकांना बंधने घातली आहेत. परंतु दुरुस्ती म्हणजे केवळ पडदा आणि बॅटरी बदलणे नव्हे. जिच्या अभावी यंत्र निरुपयोगी होते त्या प्रणालीचाही तीत समावेश झाला पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टींचा आग्रह धरणे वाजवी ठरेल. सुधारणा किती सालापर्यंत मिळतील ते खोक्यावर किमतीशेजारी छापावे. ती मुदत संपताच बूटलोडरची किल्ली मालकास विनामूल्य द्यावी. आणि प्रणाली बदलली एवढ्याच कारणाने, त्या बदलाशी संबंध नसलेल्या बिघाडाची हमी नाकारू नये.

यात उत्पादकाकडून त्याच्या नफ्याचा वाटा कोणी मागत नाही. त्याने स्वतःहून ज्या यंत्राची जबाबदारी सोडली, त्यावरचा ताबा तेवढा सोडावा, इतकीच ही मागणी आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार काय करतो हे महाराष्ट्राला सांगावयास नको. पगारातून हप्ते फेडून घेतलेल्या पाटीवर काय लिहावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार ती विकत घेणाऱ्याचाच असला पाहिजे.